मॉरिशसचा एक दिवस : गाडी आपली, यादी मात्र बसची

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘मॉरिशस एका दिवसात’ अशा आशयाचा लेख प्रसिद्ध झाला. बसने गटाबरोबर फिरण्यापेक्षा खासगी गाडी करून दिवसभरात बेटावरची सगळी प्रेक्षणीय स्थळे पाहून घ्यावीत, असा सल्ला त्यात दिलेला आहे. सल्ल्याचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे आणि दुसरा अजिबात मान्य नाही. गेल्या मे महिन्यात मी, माझी पत्नी, बहीण आणि मेहुणे असे चौघे मॉरिशसला गेलो होतो. तिथे एक दिवस आम्ही गटाच्या बसने फिरलो आणि एक दिवस गाडी करून. त्या दोन दिवसांतल्या फरकाविषयी, आणि लेखात राहून गेलेल्या दोन-तीन चुकांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. नोकरीची तीस वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांत भूगोल शिकवला आहे, त्यामुळे पत्र थोडे लांबले तर ती सवय समजून घ्यावी.

प्रथम बसच्या दिवसाविषयी. ज्या कंपनीबरोबर आम्ही गेलो तिचे नाव इथे घेण्याचे कारण नाही, कारण हा प्रकार एकाच कंपनीचा नसावा. सकाळी आठला निघालेली बस चार हॉटेलांतून माणसे गोळा करत साडेनऊला खऱ्या अर्थाने रस्त्याला लागली. त्यानंतरचा पहिला थांबा होता लाकडी जहाजांच्या प्रतिकृती विकणारे दुकान, आणि दुसरा होता दागिन्यांचे करमुक्त दुकान. या दोन दुकानांत मिळून आमचा सव्वा तास गेला. मग मध्य पठारावरच्या क्यूरपिप गावाजवळचे त्रू ओ सेर्फ हे ज्वालामुखीचे विवर आम्ही वीस मिनिटांत पाहिले, तेही धुके उतरलेले असताना. गंगा तलावावर अर्धा तास मिळाला. शामारेलच्या सप्तरंगी मातीपाशी पोहोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता आणि ज्या रंगांसाठी आलो ते पार फिके पडले होते. कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले प्रत्येक ठिकाण दाखवले गेले, त्यामुळे तक्रार करावी तर कशाची, असा प्रश्न परत येताना आमच्या मेहुण्यांनी विचारला आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

खासगी गाडीचे महत्त्व इथे आहे. आपल्याकडे अजूनही अशी समजूत दिसते की स्वतंत्र गाडी म्हणजे चैन, आणि ती नवविवाहितांनी करावी. वस्तुतः मॉरिशसमध्ये टॅक्सीचा दिवसाचा दर माणशी नसून गाडीचा असतो. चार माणसांत तो वाटला की बसच्या तिकिटांशी त्याची तुलना सहज होऊ शकते. हॉटेलच्या काउंटरवरून गाडी ठरवली तर मधल्या माणसाचा वाटा वाढतो, हे तिथल्या कोणत्याही चालकाशी दोन मिनिटे बोलले तरी कळते. तेव्हा परवानाधारक चालकाशी थेट बोलावे आणि दर, तास, मार्ग आणि प्रवेशशुल्क कोणी द्यायचे या चार गोष्टी आदल्या दिवशीच कागदावर मांडून घ्याव्यात. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे दुकाने नकोत हे स्पष्ट सांगावे, आणि त्याबरोबरच दरात फार घासाघीस करू नये. चालक दुकानात नेतो तो हौसेने नव्हे. मधल्या माणसाने त्याच्या हातात इतके थोडे ठेवलेले असते की दुकानाच्या दलालीवाचून त्याचा दिवस भरत नाही. पाचशे रुपये वाचवण्यासाठी आपण दराला कात्री लावतो आणि मग दागिन्यांच्या दुकानात वाया गेलेल्या तासाबद्दल त्याला दोष देतो, हे काही न्याय्य नाही.

परंतु गाडी आपली झाली म्हणून दिवस आपला होतोच असे नाही, आणि आपल्या लेखकाशी माझा मतभेद नेमका इथे आहे. त्यांनी सुचवलेल्या मार्गात उत्तरेकडची पाम्प्लमूसची वनस्पतिबाग, पूर्वेकडचे इल ओ सेर्फ बेट आणि नैर्ऋत्येकडचे शामारेल ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात आहेत. नकाशावर हे शक्य दिसते, कारण बेट लांबीला जेमतेम पासष्ट किलोमीटर आणि रुंदीला पंचेचाळीस किलोमीटर आहे, म्हणजे क्षेत्रफळाने रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान. पण रत्नागिरी जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे सांगायला नको की किलोमीटर मोजून घाटातला वेळ कळत नाही. मॉरिशसचा महामार्ग सोडला की रस्ते ऊसाच्या शेतांतून आणि गावांच्या मधून जातात, शामारेलचा चढ नागमोडी आहे, आणि मे-जून हा तिथला हिवाळ्याचा काळ असल्याने पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आपली उन्हाळी सुट्टी म्हणजे दक्षिण गोलार्धातले सर्वांत लहान दिवस, ही साधी गोष्ट आपल्या सहल कंपन्यांच्या पत्रिकांत मला आजवर कुठे दिसलेली नाही.

आम्ही दुसऱ्या दिवशी बेटाचा फक्त नैर्ऋत्य कोपरा घेतला. पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आं फ्लाकहून सकाळी साडेसातला निघालो आणि सुमारे दीडशे किलोमीटरचे वर्तुळ करून रात्री आठच्या आत परतलो. त्यासाठी वनस्पतिबागेतली प्रचंड पानांची कमळे सोडली, आयुष्यात एकदाच फुलून मरणारा तालिपोट माड सोडला, इल ओ सेर्फचा पांढरा किनारा सोडला. सोडलेल्याचे वाईट वाटले नाही असे मी म्हणणार नाही, पण एखादी गोष्ट वगळण्याचा अधिकार बसमध्ये आपल्याला नसतो आणि खासगी गाडीत असतो. गाडीचे पैसे मुख्यतः या अधिकारासाठी द्यायचे असतात असे माझे मत झाले आहे.

शामारेलला आम्ही दिवसातले पहिले प्रवासी म्हणून पोहोचलो. आदल्या दिवशी ज्या मातीचे फोटोही कोणी दोनदा काढले नव्हते, ती तिरप्या उन्हात तांबडी, विटकरी, गेरूची, जांभळी आणि मध्येच निळसर झाक असलेली अशी अंगावर येत होती. मी रंग सात आहेत का हे मोजून पाहिले नाही. आपल्या लेखात या रंगांचे कारण ‘वेगवेगळ्या काळांतील ज्वालामुखींची राख’ असे दिले आहे, ते बरोबर नाही. एकाच प्रकारच्या बेसॉल्ट खडकाचे दीर्घकाळ दमट हवेत विघटन होऊन त्याची चिकणमाती झाली, पावसाने त्यातले विरघळणारे घटक, सिलिकासुद्धा, धुऊन नेले, आणि मागे उरली ती मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे. लोहाने तांबडा आणि तपकिरी रंग दिला, ॲल्युमिनियमच्या अंशाने निळसर-जांभळी छटा दिली. कोकणातल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल, कारण आपला जांभा याच क्रियेने झाला आहे. आपल्याकडे तो घट्ट होतो आणि आपण त्याचे चिरे काढून घरे बांधतो. तिथे तो भुसभुशीत उंचवट्यांच्या रूपात राहिला आहे आणि त्यावर गवताची काडी उगवत नाही. रत्नागिरीहून निघून, विमानाने अरबी समुद्र आणि विषुववृत्त ओलांडून, तिकीट काढून आम्ही काय पाहिले, तर जांभ्याचे भावंड. माझी पत्नी हे ऐकून म्हणाली की मग हे आपल्या परसात फुकट दिसत होते. तिला मी सांगितले की परसातल्या गोष्टीकडे कोणी कुंपणाबाहेर उभे राहून पाहत नाही.

हे नाते इथे संपत नाही, आणि कोणत्याही मार्गदर्शकाने ते आम्हाला सांगितले नाही म्हणून ते इथे लिहितो. बहुसंख्य भूशास्त्रज्ञांचे मत असे आहे की पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्णतेच्या ज्या एका झोतामुळे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपले दख्खनचे पठार तयार झाले, त्याच झोताने पुढे मॉरिशस घडवले. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला. झोत आपल्या जागी राहिला आणि त्याच्यावरून सरकणाऱ्या तळावर एकामागून एक डाग पडावेत तशी लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची आणि बुडालेल्या पठारांची रांग उमटली. मॉरिशस त्यात बरेच अलीकडचे, सुमारे ऐंशी लाख वर्षांचे. आज तो झोत मॉरिशसपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरच्या रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून धगधगतो. म्हणजे सह्याद्रीचा कातळ आणि शामारेलचा कातळ ही एकाच चुलीवरची, पण फार वेगवेगळ्या वेळी उतरवलेली भांडी आहेत. वर्गात मी दख्खनचा लाव्हा अनेकदा शिकवला, पण तो कुठून आला हे बोट दाखवून सांगावे अशी जागा मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी दिसली.

शामारेलच्या धबधब्यापाशी वेळ फार गेला नाही. ऐंशी मीटरहून अधिक उंचीवरून एका सरळ धारेत पडणारे पाणी समोरच्या सज्जावरून दिसते, आणि आंबोली-मार्लेश्वर पाहिलेल्या माणसाने त्याचे कौतुक करावे पण हरखून जाऊ नये.

तिथून वर प्लेन शांपान्यचा रस्ता ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने जातो. १९९४ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांहून थोडे जास्त आहे. दरीच्या कठड्यावरून खाली जे हिरवे रान दिसते ते पाहून कोणालाही वाटेल की बेटाचे मूळ जंगल हेच, आणि बसच्या मार्गदर्शकाने आदल्या दिवशी तसेच सांगितले होते. आमच्या चालकाने मात्र गाडी बाजूला घेऊन रस्त्याकाठच्या झुडपावरची बोराएवढी लाल फळे तोडून आम्हाला दिली. हे चिनी पेरू. तिखट-मीठ लावून खाण्याची तिथे पद्धत आहे आणि हंगामात अख्खी कुटुंबे ते तोडायला रानात येतात. चव आंबटगोड आणि वास अगदी पेरूचा. पण हेच झुडूप बाहेरून आणलेले असून त्याने देशी झाडांची रोपे गुदमरवून टाकली आहेत, हेही त्याने त्याच दमात सांगितले. चांगल्या स्थितीतले मूळ जंगल मॉरिशसमध्ये आता दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. रानमोडीने आणि घाणेरीने आपल्या डोंगरांचे काय केले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या दरीतल्या हिरव्या रंगाकडे जरा सावधपणे पाहता येईल. याच रानात मॉरिशसचा छोटा ससाणा राहतो, ज्याचे १९७४ साली जगात केवळ चार पक्षी माहीत होते आणि जो माणसांनी चिकाटीने अंडी उबवून, पिल्ले वाढवून परत आणला. डोडो ज्या बेटाने गमावला त्याच बेटावर हे झाले. आम्हाला तो दिसला नाही. चालकाने आकाशात एक ठिपका दाखवला, पण तो ससाणाच होता असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

गंगा तलावाविषयी मराठी पुरवण्यांतून पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. हे विवरात साठलेले सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तेव्हा किनाऱ्यावरचे कपडे घालून तिथे गेलेला माणूस हमखास कुडकुडतो. १९७२ साली यात गंगेचे पाणी आणून मिसळले गेले, आणि २००७ पासून वाटेवर उभी असलेली १०८ फुटी शिवमूर्ती ही वडोदऱ्याच्या सुरसागर तलावातल्या मूर्तीची प्रतिकृती आहे. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावडी घेऊन पायी इथे येतात, आणि पंढरीच्या वारीत चाललेल्या माणसाला त्या वर्णनात बरेच काही आपले सापडेल. आदल्या दिवशी अर्ध्या तासात आम्ही फक्त मूर्तीसमोर उभे राहून फोटो काढले होते. या वेळी पायऱ्यांवर बसलो. बाजूला एक वृद्ध बाई आपल्या नातवाला भोजपुरीमिश्रित क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून घडलेल्या बोलीत, काहीतरी दटावून सांगत होत्या, आणि त्यातला ‘चुप’ हा एक शब्द आम्हा चौघांनाही कळला.

दुपारी सुयाक गावाजवळ ग्री ग्रीच्या कड्यावर गेलो. मॉरिशसभोवती बहुतेक सर्वत्र प्रवाळांची भिंत आहे, तिच्यावर लाटा बाहेरच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत असते. जाहिरातींतला निळा समुद्र तो हाच. ग्री ग्रीला ती भिंत नाही आणि दक्षिण महासागराकडून आलेली लाट थेट काळ्या कड्यावर आदळते. आषाढातला आमचा समुद्र ज्यांना माहीत आहे त्यांना इथे परके वाटणार नाही. तिथे पोहणे धोक्याचे असल्याच्या पाट्या लावलेल्या आहेत, तरी आपल्याकडचे दोन तरुण पँट दुमडून खाली उतरत होते आणि त्यांना परत बोलावण्यासाठी माझ्या मेहुण्यांना आपला निवृत्त पोलिसी आवाज वापरावा लागला, हे दुर्दैवाने नमूद करावे लागते. जेवण आम्ही रस्त्याकडेच्या गाडीवर केले. हरभऱ्याच्या डाळीचे सारण भरलेल्या मऊ डाळपुऱ्या, त्यात घेवड्याच्या बियांची उसळ आणि मिरचीची चटणी. पुरणपोळीत गुळाऐवजी मीठ पडले तर काय होईल, याचे ते रुचकर उत्तर आहे. चालकाच्या ओळखीचे उपाहारगृह टाळल्याने त्याचे फुकट जेवण हुकले असावे, म्हणून त्याला आम्ही आमच्याबरोबरच जेवायला बसवले.

सुयाकपासून पश्चिमेकडे जाणारा किनारी रस्ता हा साऱ्या दिवसातला माझ्या मते सर्वांत सुंदर भाग होता, आणि बस त्या बाजूला फिरकलीच नव्हती. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये छोटी छोटी गावे, आणि बे द्यु काप या उपसागरापुढे माकोंडेपाशी रस्ता एका कातळाला बिलगून इतका वळतो की पुढचे वाहन दिसत नाही. ऑस्ट्रेलियाची सागरी प्रदक्षिणा करणारा मॅथ्यू फ्लिंडर्स १८०३ साली याच उपसागरात दुरुस्तीसाठी उतरला आणि फ्रेंचांनी त्याला हेर समजून सहा वर्षांहून अधिक काळ अडकवून ठेवले. त्याचे स्मारक रस्त्यालगत आहे. प्रवाशाला हवा तसा मार्ग निवडता येणे किती भाग्याचे असते, हे त्याला विचारायला हवे होते.

आता ल मॉर्नविषयी. समुद्रात घुसलेला ५५६ मीटर उंचीचा हा कातळ आपल्या लेखात ‘हनिमूनच्या फोटोसाठी उत्तम पार्श्वभूमी’ एवढ्या एका ओळीत उरकला आहे. २००८ साली युनेस्कोने या कातळाला जागतिक वारशाच्या यादीत घातले ते त्याच्या देखणेपणासाठी नव्हे. मळ्यांवरून पळालेले गुलाम या दुर्गम माथ्यावर आणि त्याच्या गुहांत आश्रय घेत, आणि मॉरिशसच्या स्मृतीत हा डोंगर त्यांचा म्हणून राहिला आहे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथली गुलामगिरी संपुष्टात आली. ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडे आलेले पाहून, आपल्याला पकडायलाच आले आहेत असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती अक्षरशः घडली किंवा नाही हा इतिहासकारांचा प्रश्न आहे, पण आमचा चालक ती सांगताना गाडी थांबवून बोलला. पायथ्याच्या गावात या गुलामांचे स्मारक आहे, जिथे आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज एकही पर्यटक नव्हता. फ्रेंच अमलात आणलेल्या गुलामांत भारतातून नेलेली माणसेही होती, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते.

याच संदर्भात लेखातली दुसरी चूक. ल मॉर्नच्या किनाऱ्यावरून ‘समुद्राखालचा धबधबा’ दिसतो असे तिथे लिहिले आहे. तो किनाऱ्यावरून दिसत नाही, आणि तो धबधबाही नाही. प्रवाहांबरोबर वाळू आणि गाळ उथळ तळावरून खोल पाण्याकडे ओघळत जातो आणि वरून पाहिले असता पाणीच दरीत कोसळत असल्याचा भास होतो. तो भास हेलिकॉप्टरमधून किंवा छोट्या विमानातूनच होतो. त्या उड्डाणाचा खर्च वेगळा आणि बराच असतो. लेख वाचून एखादे कुटुंब संध्याकाळी वाळूत उभे राहून तो धबधबा शोधत बसेल, म्हणून हा खुलासा.

गुलामगिरी संपत आली तेव्हा मळ्यांसाठी मजूर हवे होते आणि ते हिंदुस्थानातून करारावर आणले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजाने पहिली तुकडी आली. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर नंतरच्या काळात ही माणसे उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. साडेचार लाखांहून अधिक माणसे या मार्गाने आली. त्यांतली बहुसंख्य बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची, कलकत्त्याहून निघालेली. मात्र मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतली मराठी कुटुंबे होती, आणि त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये ‘मराठी’ म्हणून ओळखले जातात. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. शाळांत मराठी विषय शिकवला जातो. आपल्या जाखडीसारखा ‘झाकरी’ नाच त्यांनी जपला आहे. हे सर्व मी जाण्यापूर्वी वाचले होते, पण सहलीच्या पत्रिकेत त्याचा उल्लेख नसल्यामुळे ही वस्ती बेटाच्या कुठल्या तरी दुसऱ्या टोकाला असावी अशी माझी समजूत होती.

ती समजूत परतीच्या वाटेवर चालकाने दूर केली. ल मॉर्नहून फ्लिक आं फ्लाककडे येणारा रस्ता ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातून, तामारिनवरून येतो आणि या भागातली काही गावे, विशेषतः कास्कावेल, मराठी कुटुंबांसाठी ओळखली जातात. आमच्या हॉटेलपासून कास्कावेल काही किलोमीटरवर होते. तिथल्या व्यापारी संकुलात आदल्या दिवशी आमची बस थांबली होती आणि आम्ही तिथे आइस्क्रीम खाल्ले होते, परंतु हे गाव कोणाचे हे आम्हाला कोणी सांगितले नाही. आम्हाला मराठी येते हे कळल्यावर चालकाने आपण होऊन गाडी आत घेतली. दिवेलागणीची वेळ होती. एका छोट्या देवळात दहाबारा माणसे जमली होती आणि आरती चालू होती. चाल किंचित निराळी, काही उच्चार फ्रेंच वळणाचे, पण शब्द तेच. संपल्यावर आम्ही मराठीत बोलू लागलो तेव्हा बरेचसे तरुण हसून गप्प राहिले, कारण घरची त्यांची भाषा क्रिओल आहे. शाळेत शिकवणाऱ्या एका बाई मात्र सावकाश, पुस्तकी आणि अत्यंत शुद्ध मराठीत आमच्याशी बोलल्या. त्यांच्या मराठीत एकही इंग्रजी शब्द नव्हता आणि माझ्या बहिणीच्या प्रत्येक वाक्यात दोन होते. आपले मूळ गाव कोणते हे त्यांना माहीत नव्हते. करारपत्रांवर एकच नाव लिहिले जाई, आणि मूळ पुरुषाचे ते नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले, त्यामुळे माग काढणे अवघड जाते असे त्या म्हणाल्या. ‘रत्नागिरी’ हा शब्द त्यांच्या आजीच्या तोंडी असे, एवढेच त्यांना आठवत होते. मी रत्नागिरीचा आहे असे सांगितल्यावर त्यांनी मला विचारले की तिथली माती तांबडी असते हे खरे आहे का. मी खिशातल्या फोनवर आमच्या अंगणातल्या चिऱ्याच्या कुंपणाचा फोटो त्यांना दाखवला, आणि तो फोन मग बराच वेळ या हातातून त्या हातात फिरत राहिला.

या देवळात आम्ही पाऊण तास होतो, म्हणजे त्रू ओ सेर्फ आणि गंगा तलाव यांना बसने दिलेल्या एकत्रित वेळेएवढा जवळजवळ. ठरलेल्या तासांपेक्षा अर्धा तास अधिक झाला होता. त्याचे पैसे चालकाने मागितले नाहीत, आम्ही ते दिले.

महाराष्ट्रातून मॉरिशसला माणसे नेणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे की पत्रिकेत दुकानांचे थांबे दुकाने म्हणूनच छापावेत, ‘स्थानिक हस्तकलेची भेट’ म्हणून नव्हे, आणि दक्षिणेच्या सहलीत सुयाक ते ल मॉर्न हा किनारी रस्ता घ्यावा. कास्कावेलच्या व्यापारी संकुलापाशी बस थांबतेच, तर ते गाव कोणाचे आहे हे गाडीतल्या मराठी माणसांना निदान सांगावे. देवळात चाळीस माणसांची बस नेऊ नये, हेही लगेच जोडतो, कारण तसे झाले तर त्या देवळाचेही पर्यटनस्थळ होऊन जाईल. तिथे जायचे तर चौघांनी गाडी करून, चपला बाहेर काढून, आरतीच्या वेळेला जावे.

आपल्या पुरवणीने धबधब्याविषयीची आणि सप्तरंगी मातीविषयीची दुरुस्ती छापावी. लेखाबरोबर दिलेल्या बेटाच्या नकाशात अकरा ‘पॉइंट’ होते आणि पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आं फ्लाकच्या शेजारी मोकळी जागा होती. पुढच्या वेळी तिथे कास्कावेल लिहिता येईल.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
रत्नागिरी